गोव्यात सॅल्मन पकडायचाय? आधी रावसाची ओळख करून घ्या

भाचा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आला तो खांद्याला नवा कोरा रॉड लावूनच. चहासुद्धा न पिता पहिला प्रश्न, "मामा, इथं सॅल्मन कुठं लागतो?"

मी म्हटलं, "बाजारात. बर्फाच्या पेटीत. नॉर्वेहून आलेला."

त्यानं मोबाइल पुढं केला. कुठल्याशा शॅकच्या मेन्यूचा फोटो, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'इंडियन सॅल्मन'. घोळ तिथंच आहे. दरवर्षी दोन-चार जण तरी हा प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो. गरवायला, म्हणजे गळानं मासे पकडायला, नव्यानं सुरुवात करणाऱ्यासाठी हे आहे. मुरलेल्यांनी भरतीच्या भागावर उडी मारली तरी चालेल.

नाव एक, मासे दोन

मेन्यूतला 'इंडियन सॅल्मन' म्हणजे आपला रावस. मासेवालीला 'सॅल्मन आहे का' विचारलंत तर ती वर बघेल, तुम्ही पर्यटक आहात हे ताडेल आणि भाव वाढवून रावसच हातात देईल. रावसाचं शास्त्रीय नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टायलम. त्यातल्या 'टेट्राडॅक्टायलम'चा अर्थ चार बोटांचा. मासा उलटा करून बघा: छातीच्या पराच्या खाली दोन्ही बाजूंना चार-चार सुटे धागे लोंबत असतात, मिशांसारखे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच. तिथं हे धागे तळ चाचपत जातात. डोळ्यांवर जाड चरबीचा पारदर्शक पडदा असतो, त्यामुळे मासा जरा झोपेत असल्यासारखा दिसतो. तोंड नाकाच्या टोकाला नसतं, खाली असतं. ही खूण लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

सॅल्मनशी त्याचं नातं शून्य. अंगाची चकाकी आणि मांसाच्या जाड पाकळ्या पाहून गोऱ्या लोकांनी ते नाव दिलं असावं, एवढंच. ऑस्ट्रेलियातही ह्याच माशाला 'ब्लू सॅल्मन' म्हणतात, म्हणजे ही चूक आपल्या एकट्याची नाही.

मग खरा सॅल्मन कोणता?

हे थोडक्यात उरकतो, पण माहीत असलेलं बरं. आपल्याकडं घरटी एक तारवटी (जहाजावर काम करणारा) असतो, आणि अर्धं गाव पोर्तुगाल नाही तर इंग्लंडला. उद्या तुम्हीही तिकडं जाल.

अटलांटिक महासागरात सॅल्मनची एकच जात, साल्मो सालार. ही युरोपात पार उत्तर पोर्तुगालच्या मिन्यो नदीपर्यंत येते, तिच्या पसाऱ्याचं ते दक्षिण टोक. पॅसिफिकच्या बाजूला अमेरिकेत पाच जाती आहेत: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. जपानकडं मासू म्हणून आणखी एक. चिनूक सगळ्यांत मोठा. अलास्कातल्या केनाय नदीत १९८५ साली गळाला लागलेला एक चिनूक ९७ पौंडांहून जास्त भरला होता, म्हणजे साधारण ४४ किलो. चिनूक आणि कोहो यांत नवख्यांची गल्लत होते. तोंड उघडून हिरड्या बघायच्या: काळ्या असतील तर चिनूक, पांढुरक्या असतील तर कोहो. शिवाय चिनूकच्या शेपटीवर वर-खाली दोन्हीकडं ठिपके असतात, कोहोच्या फक्त वरच्या अर्ध्यावर. पिंकच्या अंगावर मोठे लांबट डाग. सॉकाय विणीच्या वेळी लालभडक होतो आणि डोकं हिरवं. फोटोंत अस्वलाच्या तोंडात दिसतो तो बहुधा हाच.

ह्या सगळ्यांना थंडगार पाणी लागतं. आपल्या समुद्राचं पाणी वर्षभर २७-२८ अंशांच्या आसपास आणि उन्हाळ्यात त्याहूनही वर, त्यात सॅल्मन टिकणं शक्य नाही. भारतात त्याच्या कुळातलं काही गरवायचं असेल तर काश्मीर किंवा हिमाचलला ट्राउटसाठी जा. ती ट्राउटही बाहेरून आणलेली, काश्मिरात साधारण १९००च्या सुमारास इंग्रजांनी सोडली.

आता मुद्द्याची गोष्ट. सॅल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि वासाच्या आठवणीवर आपल्याच नदीत अंडी घालायला परततो. पॅसिफिकचे सगळे तिथंच मरतात, अटलांटिकमधले काही वाचून परत समुद्र गाठतात. नदीत शिरल्यावर तो जवळजवळ खातच नाही. गळावर झडप घालतो ती चिडून, किंवा सवयीनं. म्हणून तिकडचा गरवणारा महिने मोजतो: अमुक नदीत अमुक जात जुलैत शिरते, तमुक ऑगस्टात. वर परवाना हवा. अलास्कात चिनूकसाठी तर त्यावर वेगळा शिक्काही घ्यावा लागतो.

रावसाचं उलट. तो खायला येतो, आणि भरतीबरोबर आत, सुकतीबरोबर (ओहोटीबरोबर) बाहेर असं त्याचं चालू असतं. त्यामुळे रावसवाल्यानं तास मोजायचे. सॅल्मनचे व्हिडिओ बघून जो गोव्यात येतो तो नेमकं हेच विसरतो. सामान उत्तम, फेक उत्तम, आणि उभा कधी? तर दुपारी बाराला, पाणी मेलेलं असताना.

सामान: कमी घ्या, बरं घ्या

भाच्याचा रॉड बारा फुटी होता. उघड्या किनाऱ्यावर लाटांच्या पलीकडं फेकायला तो ठीक, पण नदीकाठी, खारफुटीच्या फांद्यांखाली तो वाशासारखा अडतो. सुरुवातीला सात ते नऊ फुटांचा मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड आणि ४००० आकाराचं रीळ घ्या. त्यावर २० पौंडी वेणीचा दोर, म्हणजे ब्रेड. दुकानदार ४० पौंडी गळ्यात मारायला बघेल. घेऊ नका, जाड दोर पाण्याच्या ओढीत पोट काढतो आणि शिसं तळाला ठरत नाही.

ब्रेडच्या टोकाला तीनेक फूट ३० ते ४० पौंडी तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकसंध दोर, लावायचा. रावसाला सुळे नसतात, पण त्याचे बारीक दात कानशीसारखे असतात, घासून घासून दोर झिजवतात. प्रत्येक माशानंतर तंगूस बोटांच्या चिमटीतून ओढून बघा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून टाकायचा. 'अजून एक मासा निघेल' म्हणून ठेवलात तर पुढचा जाणारा मासा मोठाच असणार, हे माझं अनुभवाचं गणित.

गऱ्या २/० ते ४/० मापाच्या, शक्यतो वर्तुळाकार, ज्यांना सर्कल हुक म्हणतात. ही गरी माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसते, सहसा पोटात जात नाही. शिसं ३० ते ६० ग्रॅम, भोक असलेलं, दोरावर सरकणारं. त्याच्या खाली एक स्विव्हल (फिरती कडी), मग तंगूस, मग गरी. मासा आमिष घेऊन चालू लागला की दोर शिशातून सरकतो आणि त्याला वजन जाणवत नाही. शिशाची निवड सोपी: पाण्याच्या ओढीत जे जेमतेम तळाला राहील ते. चार-पाच हजारांत हे सगळं बसतं. उरलेल्या पैशांचं पेट्रोल घाला.

गाठ एकच शिका, पण अंधारात बांधता येईपर्यंत शिका. तंगूस गरीच्या नाकातून ओवा. सुटं टोक मुख्य दोराभोवती पाच-सहा वेळा पिळा. मग ते टोक गरीच्या नाकाजवळ तयार झालेल्या पहिल्या छोट्या फाशातून न्या, आणि तसं नेताना जो मोठा फास बनतो त्यातून परत काढा. आता थुंकी लावा. हसू नका, कोरडी गाठ ओढली की घर्षणानं तापते आणि तंगूस तिथंच कमजोर होतो. सावकाश ओढून बसवा, टोक कापा.

पाणी कधी चालतं ते बघा

हा भाग दोनदा वाचा.

आपल्याकडं दिवसातून दोन भरत्या, दोन सुकत्या. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा मुरगावला पाणी सुमारे दोन मीटर चढ-उतार करतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा जेमतेम अर्धं.

मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, ते बघावंच. पण जुन्या लोकांचा हिशेब तोंडपाठ असलेला बरा: तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास पूर्ण, पहाटेही आणि दुपारीही. हा ढोबळ हिशेब आहे. गोव्यात पाणी बहुधा त्याच्या आधीच भरतं, म्हणून अर्धा-पाऊण तास लवकर पोचा. उलट नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. साळ नदीच्या मुखाशी, बेतूलला, पाणी उतरायला लागलेलं असतं, तेव्हा वरच्या अंगाला ते अजून चढत असतं.

आता हा हिशेब वापरू या. रावस खातो ते पाणी चालतं असताना, आणि उजेड कमी असताना जास्त. भरतीचे शेवटचे दोन तास आणि सुकतीचे पहिले दोन तास हे आपले. ह्यातलं काहीतरी पहाटेवर किंवा तिन्हीसांजेवर पडलं पाहिजे. अष्टमीला भरती बरोबर सहाला, ऐकायला फार गोड. पण अष्टमी म्हणजे भांग, पाण्यात जीव नाही. पंचमी-षष्ठीला हिशेबानं पावणेचार ते साडेचार, म्हणजे फटफटायच्या वेळी सुकती सुरू झालेली आणि पाण्याला बऱ्यापैकी ओढ. दशमी-एकादशीला साडेसात ते सव्वाआठ, म्हणजे पहाटे भरतीचा शेवटचा टप्पा. मी सुट्ट्या ह्याच तिथ्यांवर टाकतो. ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी एकादशी फार पाळतो.

ऐन उधाणाला नवख्यानं जाऊ नये. ओढ इतकी असते की ६० ग्रॅमचं शिसंही वाहतं, आणि पाण्यात गवत, काटक्या, प्लॅस्टिक सगळं गरीला लागतं.

हंगामाचं म्हणाल तर चवथ (गणेशचतुर्थी) झाली, समुद्र निवला, नद्यांचं लाल पाणी जरा निवळलं की सुरुवात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी नवख्याला सोयीचा. पाणी काचेसारखं स्वच्छ झालं तर मात्र रावस दूर राहतो, किंचित गढुळपणा त्याला मानवतो. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी यांत्रिक बोटींसाठी असते. पण त्या दिवसांत खडकांवर उभं राहून गरवण्यात शौर्य नाही. एक लाट येते आणि पुढच्या दिवशी पेपरात दोन ओळी.

उभं कुठं राहायचं

नेमका दगड सांगणार नाही, तो ज्याचा त्यानं शोधावा. पण खूण सांगतो. सुकतीच्या वेळी खारफुटीतून एखादा छोटा व्हाळ मोठ्या नदीला मिळतो ती जागा शोधा. पाणी उतरताना आतली सुंगटं (कोळंबी) आणि शेवट्याची (बोय माशाची) पिल्लं त्या पाण्याबरोबर बाहेर ओढली जातात. रावस आणि चोणक (जिताडा) मुखाशी तोंड करून थांबलेले असतात, पंगतीला पान वाढायची वाट बघावी तसे. दोन रंगांचं पाणी जिथं मिळतं, एक गढूळ आणि एक हिरवट, ती रेघ पकडा आणि आमिष त्या रेघेवर टाका. पुलाच्या खांबांची सावली, जेटीचा कोपरा, मुखाजवळची वाळूची पट्टी जिथं एकदम खोल होते ती कड, ह्याही चांगल्या जागा.

शापोरा नदी शिवोलीपासून मुखापर्यंत, साळ नदी बेतूलजवळ, मांडवी रायबंदरच्या अंगाला, झुआरी कुठ्ठाळी-आगशीच्या बाजूला, इथं काठावर गरी टाकून बसलेले लोक रोज दिसतील. पहिले दोन दिवस रॉड न टाकता नुसतं त्यांच्या शेजारी उभं राहा. बोलायची घाई नको. तिसऱ्या दिवशी कुणीतरी स्वतःहूनच म्हणेल, "दोर सोड मरे, घट्ट कित्याक धरलाय?"

काही जागा मात्र वर्ज्य. खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधावर पाणी आत-बाहेर सोडणारी जी लाकडी दारं असतात ती मानस. तिच्या तोंडाशी मासा भरपूर, हे खरं. पण तिथल्या मासळीचा हक्क पावणी, म्हणजे लिलाव, करून दिलेला असतो, आणि ज्यानं पैसे मोजले त्याच्या पोटावर पाय देऊन आपला छंद कशाला? विचारल्याशिवाय गरी टाकायची नाही. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातही नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ह्या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, तिथं रात्री कपाळावर बॅटरी लावून फिरू नका. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. पर्यटकांना होडीतून दाखवतात त्याच. काठावर पाय सोडून बसायची ती जागा नव्हे. बाकी परवाने-नियम काळानुसार बदलतात, पणजीच्या मत्स्योद्योग खात्यात एकदा जाऊन विचारलेलं उत्तम.

आमिष

जिवंत सुंगट ते जिवंत सुंगट. त्याला तोड नाही. खाडीवर पाग (फेकजाळं) टाकणाऱ्याकडून सकाळी दहा-बारा मागून घ्या, पैसे द्या, आणि घासाघीस करू नका, तो उद्याही लागणार आहे. बादलीत खाडीचंच पाणी आणि बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप. घरच्या नळाचं पाणी घातलंत तर रस्त्यातच सगळी उताणी.

सुंगटाच्या डोक्यावरचा काटेरी तुरा असतो ना, त्याच्या बुडातून गरी आडवी काढायची. कवचातून आत एक काळा ठिपका दिसतो, त्याला धक्का लागला की सुंगट मेलं. ओढ जास्त असेल तर शेपटीतून ओवा, म्हणजे फेकताना सुटत नाही. शेवट्याचं पिल्लू असेल तर वरच्या ओठातून.

रावसाचं तोंड खाली असतं म्हटल्याचं आठवतंय? म्हणून आमिष तळाशी किंवा तळापासून हात-दीड हात वर राहू द्या. पृष्ठभागावर खळबळ करणारे पॉपर दिसायला झकास, पण ते इतर माशांसाठी. खोटं आमिष वापरायचंच तर मऊ रबरी सुंगट किंवा छोटा मासा, १५-२० ग्रॅमच्या शिशावर. तळाला टेकू द्या, रॉडचं टोक हलकेच उचला, परत टेकू द्या. घाई झाली की समजा संपलं.

लागला की

रावसाचा घास दोन प्रकारचा. कधी नुसती टकटक, सांगट (शिंगाळा मासा) चाखतोय असं वाटावं तशी. कधी काही कळायच्या आत रॉड वाकून रीळ ओरडायला लागतं. दोन्ही वेळा झटका मारायचा नाही. वर्तुळाकार गरीला झटका दिला की ती तोंडातून तशीच बाहेर येते. दोर ताणला जाऊ द्या, रॉड सावकाश वर घ्या, रीळ फिरवा. बस.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोर किती जोरावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक, घरीच लावून या. दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे २० पौंडी दोराला पाच-सहा पौंड. सामान तोलायचा छोटा काटा दोराला बांधून बघता येतो. काठावर मासा पळत असताना ड्रॅगच्या चकतीशी खेळणं म्हणजे घाटात गाडीचं चाक बदलणं. माझा पहिला मोठा रावस असाच गेला. तो पहिल्या धावेत वीसेक वाव पळाला, मी घाबरून चकती आवळली, आणि टप्प. शेजारचे म्हातारे पात्रांव विडी न काढताच म्हणाले, "तो वतां म्हणटालो, तुवें कित्याक आडायलो?" जायचं म्हणतोय तर जाऊ दे. थकला की येतो.

मासा उडी मारतो तेव्हा रॉडचं टोक खाली करा, दोर एकदम ताठ राहू देऊ नका. जवळ आल्यावर तो आणखी एकदा पळणार, हे धरूनच चाला. शेवटी जाळीनं उचला, तोंडाच्या बाजूनं. दोर धरून वर खेचलात तर ओठ फाटतो.

आणि गरीला रावसच लागेल असं थोडंच आहे. चोणक लागला तर गालाच्या झाकणाला हात लावू नका, त्याची कड ब्लेडसारखी असते. तांबसो (रेड स्नॅपर) लागला तर क्षणभरही ढील नको, तो थेट दगडांत शिरतो आणि दोर कापतो. सांगटाचे पाठीवरचे आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी, पक्कडीशिवाय गरी काढायची नाही. केंड लागला तर फुगलेला चेंडू बघून पोरं हसतात, फोटो काढतात. काढू द्या, पण तो खायचा नसतो, त्याचं विष जीवघेणं. आमिषाचे नुसते तुकडे परत येऊ लागले, तंगूस सफाईनं कापला जाऊ लागला, की समजा खाली केंडांची टोळी आहे. जागा बदला.

वाळूत उतरून गरवत असाल तर पाय घासत चाला. वाळूत वागळ्या (पाकट मासे) पडून असतात, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतात. सांगट किंवा वागळीचा काटा बसलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा, कळ उतरते, आणि मग डॉक्टर गाठायचा. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, चपला घालून चढू नका, जाड तळाचे बूट घाला. होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट अंगात. होडीच्या तळाशी नव्हे.

सोडायचा की न्यायचा

इथं थोडं बोलणं भाग आहे. रावस जन्मतो नर, आणि वाढून मोठा झाला की मादी होतो. चोणकाचंही तसंच. त्यामुळे बारीक सगळे उचलले तर उद्याच्या माद्या गेल्या, आणि मोठ्या सगळ्या उचलल्या तर अंडी गेली. मी स्वतः हातभराहून लहान रावस ठेवत नाही आणि घराला पुरेल तेवढा, म्हणजे एक, क्वचित दोन, यापलीकडं नेत नाही. हा कायदा नव्हे, माझा नियम.

सोडायचा असेल तर पटकन. रावस नाजूक, हाताळणी त्याला सोसत नाही. फोटोसाठी वाळूत लोळवून, कोरड्या हातांनी दाबून, मग 'रिलीज' लिहून टाकणारे बघितले की डोकं फिरतं. हात आधी ओले करा, पाण्यातच गरी काढा, ओढीकडं तोंड करून धरा, शेपटी मारून निसटला की सोडा. गरी खोल गेली असेल तर ओढू नका, तंगूस तोंडाशी कापा.

न्यायचा असेल तर तेवढ्याच तत्परतेनं मारा. कल्ले कापून रक्त वाहू द्या, आणि बर्फात खाडीचं पाणी घालून त्यात बुडवा. तासभर उन्हात पिशवीत पडलेला रावस आणि हा रावस, दोन्ही एकाच जातीचे आहेत हे जिभेला पटत नाही. घरी आल्यावर हुमण (माशाची आमटी) करा, नाहीतर मीठ-हळद-तिखट लावून रवा घोळून तळा. जाड तुकड्यांना रेशाद मसालाही चालतो, पण ताज्या रावसावर इतका मसाला लादू नये असं माझं मत. बायकोचं वेगळं आहे, आणि तवा तिच्याकडं असतो.

साफ करताना आतडं लगेच फेकू नका. पोटाची पिशवी उघडून बघा. भाच्याला तिसऱ्या सकाळी, षष्ठीला, रायबंदरच्या काठावर पहिला रावस लागला, दीड किलोच्या आतबाहेरचा. संध्याकाळी ओट्यावर त्यानंच सुरी चालवली. आत पाच सुंगटं निघाली, बोटाएवढी, दोन तर अजून पारदर्शक. शेवट्याचं एकही पिल्लू नाही. आम्ही मात्र दोन दिवस शेवटेच लावत बसलो होतो. त्यानं हात धुतले, भिंतीवरची दिनदर्शिका बघितली, पुढली दशमी कधी ते मोजलं आणि पागवाल्याला फोन लावून सुंगटं सांगून ठेवली.